कडी बाहेरून असते

या सदरात आपण लोणच्याला बुरशी का येते ते बोललो, पाहुण्यांच्या गर्दीत घरखर्चाचा मेळ कसा घालायचा ते बोललो, सासू-सुनेच्या कुरबुरीही झाल्या. आजचा विषय घरातलाच आहे. पण चारचौघींत, भाजी निवडता निवडता, आपण तो कधी काढत नाही. दुपारची कामं आटोपली की दार लोटून घ्या आणि शांतपणे वाचा. अवघड वाटलं तर थोडं थांबा, पाणी प्या. पण पुरतं वाचा.

नागपूरच्या इतवारीतून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, अशी तिची विनंती आहे. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. बाकी शब्द तिचेच.

‘ताई, माझं माहेर आणि सासर दोन्ही इतवारीतच, मधे दोन ओळी. माहेरी खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. घरात सदा माणसांचा राबता. बाबांचे एक नात्यातले भाऊ आमच्याकडेच राहून दुकानाचा हिशेब बघायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मी नऊ वर्षांची होते. दुपारी आई खाली गेली की ते मला हाक मारायचे. काय व्हायचं ते मला लिहवत नाही. एक दिवस धीर करून मी आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा लाटायला लागली. म्हणाली, “चूप बस. कोणाले सांगू नको. अन् त्याच्या पुढ्यात जाऊ नको.” त्यानंतर आम्ही दोघी यावर कधी बोललो नाही. आई आता नाही.

‘आज मी चाळिशीची आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची झाली. पुढच्या महिन्यात माहेरी लग्न आहे, काका चार दिवस राहायला येणार आहेत. परवा मुलगी म्हणाली, “आई, ते आजोबा दिवाळीत मला ओढून मांडीवर बसवत होते, मला नाही आवडत. मी लग्नाला नाही येणार.” ताई, मी पोळ्या लाटत होते. माझा हात थांबला. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? “चूप बस.” तेव्हापासून मला झोप नाही. मी काय करू? माझी आई वाईट होती का? आणि माझं ऐकायला आता कोण बसलंय?’

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना. तीन प्रश्न आहेत, तिन्हींचं उत्तर द्यायचं आहे. पण सगळ्यांत आधी जे करायचं ते आधी सांगते.

बाई गं, हे वाचून झालं की आजच लेकीला जवळ घे. म्हण, ‘त्या दिवशी मी तुला गप्प केलं, ते माझं चुकलं. तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस. मला सगळं ऐकायचं आहे.’ आणि मग तू गप्प बस. या खेपेला गप्प बसायची पाळी तुझी. मुलं एका दमात सांगत नाहीत. आधी थोडं सांगून आपलं तोंड बघतात. तोंडावर राग दिसला, भीती दिसली, तर पुढचं गिळून टाकतात. ‘त्यांनी असं केलं का, तसं केलं का,’ असं आपण तिच्या तोंडात घालायचं नाही. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारायचं. आणि ‘तू गेलीस कशाला?’ हा प्रश्न तर जन्मात विचारायचा नाही.

नागपूरचीच एक आई

आता एक खरी हकीकत सांगते, आपल्या नागपूरचीच. डिसेंबर 2016 मधली गोष्ट. बारा वर्षांची एक मुलगी पेरू आणायला म्हणून बाहेर पडली, ती वेळेत परतली नाही. आई शोधायला निघाली. शेजारणीने सांगितलं, अमक्या माणसाबरोबर त्याच्या घराकडे गेली. आई तिथे पोचली. तो माणूस भेटला. विचारलं तर म्हणाला, इथे नाही.

इथे आपल्यातल्या किती जणी मागे फिरल्या असत्या? पुरुषमाणूस सांगतोय, नाही म्हणतोय, कशाला उगाच दुसऱ्याच्या घरात शिरायचं! ही आई मागे फिरली नाही. हाका मारत जिना चढली. वरच्या खोलीला बाहेरून कडी होती. तिने कडी काढली. आत लेक रडत होती. लेकीने तिथल्या तिथे आईला सांगितलं, त्याने पेरू द्यायच्या निमित्ताने नेलं, नको तिथे हात लावला, कपडे काढायचा प्रयत्न केला. आईने तिला ‘चूप बस’ म्हटलं नाही. पोलीस ठाणं गाठून फिर्याद दिली.

पुढे काय झालं तेही ऐका, कारण ते साऱ्या देशात गाजलं. फेब्रुवारी 2020 मध्ये नागपूरच्या विशेष न्यायालयाने त्या माणसाला मुलांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याखाली, म्हणजे ‘पोक्सो’खाली, तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. तो अपिलात गेला. 19 जानेवारी 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मुलीचं म्हणणं खरं मानलं; पण हात कपड्यांवरून लावला, कातडीला कातडी लागली नाही, म्हणून पोक्सोमधला तो गुन्हा होत नाही असं म्हटलं आणि विनयभंगाच्या कलमाखाली एक वर्षाची शिक्षा ठेवली. आठच दिवसांनी, 27 जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली. देशाचे ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल स्वतः अपिलात गेले. त्यांचा मुद्दा कोणाही बाईला पटावा असा होता. असाच अर्थ लावला तर हातमोजे घालून मुलांच्या अंगाला हात लावणारा सहीसलामत सुटेल! राष्ट्रीय महिला आयोग आणि महाराष्ट्र सरकारही अपिलात उतरलं. 18 नोव्हेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कातडी लागली की नाही हा प्रश्नच नाही, हात लावणाऱ्याचा हेतू काय होता तो प्रश्न आहे, असं स्पष्ट केलं आणि तीन वर्षांची शिक्षा कायम केली.

म्हणजे बघा, आईने ऐकलं ते काही मिनिटांत. कायद्याला नीट ऐकायला जवळजवळ पाच वर्षं लागली. पण ते पाच वर्षांनी तरी झालं, कारण त्या दिवशी एका बाईने कडी काढली होती. मला या हकिकतीतली ती कडीच पुनःपुन्हा आठवते. ती बाहेरून होती. आतलं लेकरू कितीही शूर असलं तरी त्याला ती काढता येत नाही. बाहेरच्या कोणीतरीच काढावी लागते.

आई वाईट होती का?

आता पत्रातला हा प्रश्न. तुझ्या आईने चूक केली. ते मी झाकणार नाही, तूही झाकू नकोस. नऊ वर्षांच्या पोरीने हात पुढे केला होता, तो तिने धरला नाही. पण ‘त्याच्या पुढ्यात जाऊ नको’ म्हणाली, म्हणजे तिला सगळं कळलं होतं. कळलं, तुझ्यावर विश्वासही बसला, आणि तरी ती गप्प राहिली. का?

घर कोणाच्या नावावर होतं? दुकान कोणाचं? हिशेब कोणाच्या हातात? तोंड उघडलं असतं तर त्या घरात कोणी तिचं ऐकलं असतं? ‘पोरीचं लग्न कसं होणार’ हाच पहिला प्रश्न आला असता, आणि ‘तू कुठे होतीस’ हा दुसरा. त्या काकांना प्रश्न विचारायची पाळी आलीच नसती. तुझी आई तुला गप्प करत होती, कारण तिला स्वतःला केव्हाच गप्प केलेलं होतं. तिच्याही खोलीला बाहेरून कडी होती म्हण ना.

या सगळ्याच्या मुळाशी ती एक ‘अब्रू’ आहे. घराण्याची अब्रू म्हणून जी काय चीज आहे, ती आपण नऊ वर्षांच्या पोरीच्या अंगावर नेऊन ठेवली आहे. चोरी झाली तर चोराची नाचक्की होते, दुकानदाराची नाही. एवढी एकच चोरी अशी, की लाज ज्याची वस्तू गेली त्याने बाळगायची! दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी मारबत निघते. ईडापीडा, रोगराई सगळी घेऊन जा म्हणून अख्खं गाव ओरडतं. महागाईचा बडग्या निघतो, लाचखोरीचा निघतो. पण घरातल्या या पीडेचं नाव घ्यायची पाळी आली की आपला आवाज बसतो.

आणि हे फक्त घरातच होतं असं समजू नका. विदर्भातलीच आणखी एक गोष्ट आहे, आपल्या आयांच्या काळातली. मार्च 1972. देसाईगंज, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता ते गडचिरोलीत आहे. एक गरीब आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळा, पोलीस ठाण्यात गेली असता तिथेच पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. कायद्याच्या पुस्तकांत तो खटला तिच्या नावाने ओळखला जातो. मी ते नाव इथे लिहीत नाही. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवून पोलिसांना सोडलं. 1976 मध्ये नागपूर खंडपीठाने तिचं खरं मानून शिक्षा दिली. आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं, कारण काय, तर अंगावर जखमा नव्हत्या, ओरडल्याचा पुरावा नव्हता. ठाण्याचं दार लावून घेतल्यावर पोरीने ओरडायचं कोणाच्या नावाने, हे कोणी विचारलं नाही.

ते विचारलं चार कायद्याच्या जाणकारांनी. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी सप्टेंबर 1979 मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. 1980 मध्ये गावोगावच्या बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या. नागपुरात सीमाताई साखरे यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि पुढे स्त्री-अत्याचारविरोधी परिषदेचं काम उभं केलं. शेवटी 1983 मध्ये कायदा बदलला. अशा स्त्रीचं नाव छापायला बंदी आली. बंद दाराआड सुनावणी आली. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी अत्याचार झाला आणि बाई म्हणाली ‘माझी संमती नव्हती’, तर न्यायालयाने तिचं म्हणणं धरूनच चालायचं, असं ठरलं. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही. पण तिच्या मागून आलेल्यांना थोडं तरी ऐकून घेतलं जाऊ लागलं. कायदा आभाळातून पडत नाही, बायांनो. कोणीतरी कडी वाजवत राहावं लागतं.

लग्नघरात काय करायचं?

आता व्यवहाराचं बोलू. केंद्र सरकारने 2007 मध्ये मुलांच्या छळाविषयी एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून ती केली होती. त्यांतल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. म्हणून ‘मला काय, मला तर दोन्ही मुलगेच’ असं म्हणून पान उलटू नका. आणि त्रास देणारे फार मोठ्या संख्येने ओळखीचेच होते. आपण मुलांना परक्या माणसाकडून चॉकलेट घेऊ नको म्हणून बजावतो आणि घरातल्या माणसाच्या मांडीवर आपल्या हाताने बसवतो.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना सांगते:

लेक लग्नाला येणार नाही म्हणाली तर ओढून नेऊ नका. जायचंच ठरलं तर काका असतील त्या घरात तिला एक रात्रही ठेवू नका. तुमचं घर दोन ओळींवर आहे, रात्री परत या. चहा द्यायला, पाया पडायला, ‘आजोबांना पापी दे’ म्हणून तिला पुढे करू नका. नमस्कार लांबूनही होतो. पाहुणा रागावला तर रागावू दे.

नवऱ्याला सांगा. एकटीने हे ओझं किती वर्षं वाहणार? नवरा समजून घेईल की नाही ही भीती असेल, तर आधी बहीण, नणंद, मैत्रीण, जिच्यावर भरवसा असेल तिला सांगा आणि तिला सोबत घेऊन मग नवऱ्याशी बोला. त्या लग्नघरात आणखीही लेकरं असतील. त्यांच्या आयांनाही सावध करायला हवं.

मुलीशी बोलताना मांडीवर बसवण्याच्या पलीकडचं काही कळलं, तर मग ते घरातल्या घरात मिटवायचं प्रकरण नाही. पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. असा गुन्हा झाल्याचं, किंवा होण्याची भीती असल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे असं हा कायदा सांगतो. झालेला गुन्हा मोठ्या माणसाने लपवला तर त्यालाच शिक्षा आहे. ‘पोलीस’ म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. म्हणून हे लक्षात ठेवा: मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. आई-बाप किंवा भरवशाचं माणूस जवळ हवं. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची. न्यायालयात आरोपी तिच्या समोर येऊ द्यायचा नाही, वकिलाने तिला दरडावायचं नाही, आणि नाव कुठेही छापायचं नाही. हे सगळं प्रत्येक ठिकाणी आपोआप होतंच असं नाही. पण हा आपला हक्क आहे हे माहीत असलं की मागता येतं. प्रकार ताजा असेल तर एक करा, तिला आंघोळ घालायची, कपडे धुवायची घाई करू नका. कपडे कागदात गुंडाळून ठेवा आणि दवाखान्यात न्या; उपचार फुकट द्यावे लागतात. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत. आकडा डब्यांच्या फडताळावर आतल्या बाजूला लिहून ठेवा.

आणि तुझं कोण ऐकणार?

हा तिसरा प्रश्न. तो शेवटी ठेवला, पण तो लहान नाही. नऊ वर्षांची तू अजून त्या खोलीतच आहेस. तीस वर्षं तू लग्नकार्यांत त्या माणसाच्या पाया पडत आलीस. आता पडू नकोस. कारण विचारलं तर ‘मला नाही पडायचं’ एवढंच सांग. झालं त्यात तुझा काडीचा दोष नव्हता. हे मी लिहिते म्हणून नाही, ते खरंच आहे म्हणून मान.

मन हलकं करायला, झोप परत यायला जाणत्या माणसाची मदत घेण्यात कमीपणा नाही. 14416 हा सरकारचा मानसिक आधाराचा फोन आहे, मराठीत बोलता येतं. त्या माणसाविरुद्ध आज काही करता येईल का, हे काय घडलं आणि कधी घडलं यावर ठरतं. तुझी घटना पोक्सोच्या आधीची, तेव्हा जुन्या कायद्याने बघावं लागेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तिथे विचार. तक्रार करायची की नाही ते मग तू ठरव. तुझ्या बाबतीत निर्णय तुझा, कोणी ढकलायचं नाही, कोणी अडवायचं नाही.

आणि ऐकायला कोण बसलंय म्हणतेस? हे पत्र लिहिलंस तेव्हाच तू कडी वाजवलीस. आज हे सदर वाचणाऱ्या कितीतरी जणींनी ती ऐकली आहे. त्यांतल्या काही जणी वाचता वाचता स्वतःच्या नवव्या वर्षात जाऊन आल्या असतील. त्यांनाही माझा हात.

मैत्रिणींनो, लेकरं असलं काही सांगायला मुहूर्त बघत नाहीत. आपण पोळ्या लाटत असतो, पाहुणे यायचे असतात, कुकरची शिट्टी होत असते, तेव्हाच ती पदराला धरून एक अर्धं वाक्य बोलतात. त्या वेळी एवढंच करा. गॅस बंद करा, हात पुसा आणि खाली बसा. पोळी करपली तर दुसरी लाटता येते.

तुमची,
ताई